लंडन ते मुंबई, चौदा तास

समस्त वाचकहो, जे बसले असतील त्यांनी बसूनच राहावं, जे उभे असतील त्यांनी कशाचा तरी आधार घ्यावा. मी आज जे जाहीर करतोय ते बायकोलाही कधी सांगितलेलं नाही — विमानातलं मला काहीही कळत नाही.

हसलात? हसा. पण कोरेगावात हे कुणाला पटवून दाखवा! एका खताच्या कंपनीने आम्हा दुकानदारांना एकदा दुबईला नेलं, तेवढाच माझा विमानप्रवास. त्यातही जाताना मी झोपलो होतो. परत आल्यावर मात्र दुकानात असं वर्णन केलं, की पोत्यांवर बसलेली माणसं कमरेचा पट्टा चाचपायला लागली. तेव्हापासून कुणाचं पोरगं परदेशी निघालं, की विचारा बापूला. किती लांब, किती तास, मध्ये कुठे थांबतं — आणि मी सांगायचो. माहीत नाही म्हणायला काय जात होतं माझं?

मग मावशी गेली. रात्रीच. तिचा एकुलता एक दिलीप लंडनला. पहाटे तीनच्या सुमारास त्याचा मला निरोप आला — विमानात बसलो. सकाळी अंगणात भाऊबंद जमले. मातीला थांबायचं का, एवढाच प्रश्न.

"बापू, इमान किती वेळ घेतंय रं?"

मला दिलीपचं मागच्या खेपेचं तिकीट आठवलं. रात्री नऊला तिथून सुटतं, सकाळी अकराला मुंबईत. एसटीच्या वेळापत्रकावरून करतो तशी मी वजाबाकी केली. चौदा तास! वर मुंबईहून इथवरचा रस्ता, म्हणजे मध्यरात्र होणार. दोन्हीकडची घड्याळं वेगळी चालतात, हे या दुबईरिटर्न डोक्यात आलंच नाही. विमान नऊ तासांत येतं. पण अंगणात सगळ्यांनी माझी मध्यरात्रच धरली; रात्री आमच्याकडे अग्नी देत नाहीत, आणि दुसऱ्या दिवसापर्यंत ठेवायला कुणाचं मन होईना. दुपारची वेळ ठरली.

इथपर्यंत ती चूक होती. नुसत्या चुकीसाठी मी तुम्हाला कशाला बसवलं असतं? — तिरडी बांधत होते, तेव्हा खिशातला फोन वाजला. दिलीपचा मेसेज. उतरलो. निघतोय. थांबा.

मी तो वाचला. दोनदा वाचला. मान वर केली, तर भिंतीला टेकून बसलेले काका, मावशीचे यजमान, माझ्याकडेच बघत होते. थांबा, माझा हिशोब चुकला — एवढंच म्हणायचं होतं! जन्मभर तोंडावर दुकान चालवलं, आणि नेमकं तेव्हा तोंड उघडेना. का? पोत्यांवरची माणसं हसतील म्हणून? हो — तेवढ्यासाठीच. चीड येते, स्वतःच्या कानाखाली वाजवावीशी वाटते, पण तेव्हा मी फोन बंद केला आणि पुढे होऊन खांदा दिला.

दिवस मावळताना दिलीप गाडीतून उतरला. धावत आत गेला. मावशीला ठेवलं होतं त्या जागी पणती लावलेली होती, तिच्यासमोर तो नुसता उभा राहिला. मेसेज मिळालाच नाही, असं मी त्याला सांगितलं. वर — काय म्हणावं या जिभेला — पाठीमागून वारा मिळाला असणार, म्हणून विमान एवढं लवकर आलं, असंही ठोकून दिलं. दिलीप माझ्याकडे बघत राहिला.

काका अजून भिंतीला टेकूनच होते. ते एकदम म्हणाले, "मग त्यो वारा दुपारीच का न्हाई कळला रं तुला?"