पाणी कोण आणतं?

संशोधक म्हणून माझा जो काही गवगवा झाला, तो माझ्या आत्याच्या एका प्रश्नामुळे. परिषदेत मी हे सांगतो तेव्हा लोकांना तो माझा विनय वाटतो. विनय कसला बोडक्याचा! मी तापट आणि वर गर्विष्ठ. उगीच कुणाला श्रेय देणाऱ्यांतला नव्हे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. तंजावूरच्या एका इस्पितळात मी हृदयाच्या आकसलेल्या झडपा मोकळ्या करायचो. लहानपणीच्या सांधेतापाने झडप बिघडलेल्या, चार पावलांत धाप लागणाऱ्या बायका कावेरीकाठच्या गावांतून यायच्या. ऑपरेशननंतर त्या पुढे कशा राहतात, यावर माझा निबंध चालला होता. तपासणीला आलेलीला मी विचारायचो, "कशी आहेस?" ती हात जोडून म्हणायची, "नल्ला इरुक्केन अय्या," छान आहे. मी वहीत लिहायचो, उत्तम. निकाल असे झकास, की मनातल्या मनात मी हारतुरे घेऊ लागलो होतो.

अडचण एकच. बऱ्याच जणी परत यायच्याच नाहीत. त्यांना शोधणार कोण? माझी आत्या पापनाशमला एकटी राहायची. शाळेतून निवृत्त झालेली, आणि आसपासच्या गावांतल्या निम्म्या सुना तिच्याच वर्गात शिकलेल्या. मी तिला ऑपरेशन झालेल्या सगळ्याजणींची यादी दिली नि म्हटलं, "जमेल तितक्या घरी जा. बरी आहेस का, एवढंच विचार."

तीनेक आठवड्यांनी ती छत्री घेऊन माझ्या दारात हजर. पिढ्यानपिढ्या तंजावूरकडे राहूनही घरात आम्ही मराठी बोलतो, पण तिची वही तमिळमध्ये होती. ती पुढ्यात टाकून म्हणाली, "तुझी वही चुलीत घाल."

"का?"

"खोटं बोलतात त्या तुझ्याशी. तू जीव वाचवलास, आता तुला कुठल्या तोंडानं सांगतील की पुन्हा धाप लागते? तुला वाईट वाटेल ना! मलाही छानच म्हणाल्या. मग मी दुसरंच विचारलं. घरात पाणी कोण आणतं?"

आमच्याकडे नळावरून कुडम, म्हणजे पाण्याची घागर, कमरेवर घेऊन यायचं काम सुनेचं. सुनेऐवजी सासू आणत असेल तर काहीतरी बिनसलंय, असा आत्याचा हिशेब. एका घरी म्हातारी सासू पाणी आणत होती आणि सून भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपत होती. त्या सुनेच्या नावापुढे मागच्याच महिन्यात मी 'उत्तम' लिहिलं होतं.

मी भडकलो. "तू शिक्षिका आहेस, डॉक्टर नव्हेस!" आत्या शांतपणे कॉफी पीत राहिली. मग म्हणाली, "ओरडून झालं? उद्या सकाळच्या बसने जाऊ."

गेलो. मला पाहताच ती मुलगी धडपडत उठली, हात जोडले, आणि धापा टाकत म्हणाली, "नल्ला इरुक्केन." मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. झडप पुन्हा आकसली होती. दुसऱ्यांदा ऑपरेशन केलं आणि, देवाची कृपा, ती वाचली. काही महिन्यांनी भरलेलं कुडम कमरेवर घेऊन चालताना मी तिला स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं.

निबंध सगळा नव्याने लिहिला. निकाल आता बेताचेच होते, पण आत्याचा प्रश्न त्यात होता. गंमत म्हणजे लोकांनी उचलला तो प्रश्नच. कुठल्याशा डोंगराळ मुलखातल्या डॉक्टरने लिहिलं, आमच्याकडे आम्ही विचारतो, लाकडाची मोळी कोण आणतं? दुसरीकडे दळण कोण दळतं, असं विचारू लागले. आभाराच्या ओळीत आत्याचं नाव छापलं होतं. ते बघून ती म्हणाली, "एवढ्या बारीक अक्षरात? बरं, चष्मा लावून वाचते."

पुढे तिच्या घरी टेलिफोन बसला. दर रविवारी मी विचारायचो, "बरी आहेस ना?" ती म्हणायची, "मला काय धाड भरलीय!" असं वर्षभर चाललं. एका रविवारी काय सुचलं कोण जाणे, मी म्हटलं, "आत्या, पाणी कोण आणतं?"

एरवी खणखणीत बोलणारी बाई, हळूच म्हणाली, "शेजारीण आणते. दोन महिने झाले."

"अगं, मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं रे."

तसाच गाडी काढून गेलो आणि तिला तंजावूरला आणलं. वयामुळे तिचीही एक झडप कडक झाली होती. ऑपरेशन माझ्या सहकाऱ्याने केलं. आपल्याच माणसावर सुरी चालवायला मी धजलो नाही, हे सांगायला मला लाज नाही. त्याचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. दर रविवारी फोन उचलला की मी तोंड उघडायच्या आधीच ती ओरडायची, "अर्धं कुडम का होईना, मीच आणलं!"