लगूनची रंगीत तालीम

कुठलीही गोष्ट आयुष्यात पहिल्यांदाच करणं हा शुद्ध गाढवपणा आहे, असं मनापासून मानणारा माणूस मी एकच पाहिला, आणि डार्विनमध्ये असताना नेमका त्याच्याच घरात मी भाड्याने राहत होतो. माझा हा हाउसमेट मूळचा वसईचा, ऑस्ट्रेलियात शिकायला आलेला आणि पीआर, म्हणजे कायम राहायचा परवाना, मिळाल्यावर हॉस्पिटलच्या लॅबमध्ये चिकटलेला. सगळ्याची तो आधी तालीम करायचा. कुणाला आणायला एअरपोर्टवर जायचं असेल तर आदल्या दिवशी रिकामी गाडी घेऊन जायचा, पार्क करायचा, दारातून बाहेर न येणाऱ्या पाहुण्याला हात हलवायचा आणि समाधानाने परत यायचा. रविवारी चार माणसं जेवायला यायची असली की शनिवारी तोच स्वयंपाक तेवढाच व्हायचा, आणि तो संपवायला मी एकटा. एकदा त्याला बॉसकडे सुट्टी मागायची होती, तर बॉस मला केलं. मी जरा रंगात येऊन सुट्टी नाकारली, तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. खऱ्या बॉसने लगेच दिली. “बघ, प्रॅक्टिसचा फायदा,” असं वर मलाच ऐकवलं.

कोविड आला तेव्हा डार्विनमध्ये खरं तर फारसं काही झालं नाही. दुकानं उघडी होती, शिफ्ट चालू होत्या. देशाची दारं मात्र लागली. आमच्यासारख्यांच्या नवराबायकोला, मुलाबाळांना यायची मुभा होती, पण आईबाप ‘जवळचे’ या सदरात बसत नव्हते. त्याची आई वसईला एकटी असायची. तिने मुलाकडे जन्मात काही मागितलं नव्हतं. एकदा व्हिडिओ कॉलवर तिला त्याच्यामागचं कॅलेंडर दिसलं. निळंहिरवं लगून, म्हणजे समुद्राचं आत अडलेलं शांत पाणी, भोवती चिमुकली बेटं. “हे तुमच्याकडे आहे? मला नेशील?” एवढंच ती म्हणाली. त्या दिवसापासून घरात दुसरा विषय नाही. बंदी उठेल या आशेवर तो तिचं तिकीट काढायचा, विमान रद्द व्हायचं, तो पुन्हा काढायचा. मी कामावरून आलो की हा सोफ्यावर कॅलेंडरकडे तोंड करून बसलेला. मलाही पुण्याला जाता येत नव्हतं. आम्ही दोघं फार एकटे पडलो होतो आणि एकमेकांना तसं सांगत नव्हतो.

शेवटी एके दिवशी तो म्हणाला, “आई यायच्या आत एक ट्रायल झालीच पाहिजे.” टुरिस्ट नसल्यामुळे हात चोळत बसलेल्या एका बोटवाल्याची आख्खी बोट त्याने दिवसभरासाठी ठरवली. मी खूश होऊन टॉवेल घेऊन निघालो, तर जेट्टीवर मला सांगण्यात आलं की मी आई आहे. “तुझे गुडघे दुखतात. उजवा जास्त. आता चढ.” मी लंगडत चढलो. “यू राइट, मेट?” बोटवाल्याने काळजीने विचारलं. “ही इज माय मदर,” हाउसमेटने खुलासा केला. “नो वरीज,” म्हणून तो इंजिनाकडे वळला. पहिल्या बेटावर मला सावलीत बसवून पाहिलं, दुसऱ्यावर वाळूत चालवून. लगूनपाशी पोचल्यावर मात्र पंचाईत झाली. पाण्यात पाय घालायचे नाहीत, मगरी असतात, असं बोटवाल्याने बजावलं. “पण तिला पाय बुडवायचे असणार रे,” म्हणत हा चेहरा पाडून उभा राहिला. मग त्याने लगूनचं पाणी बादलीत काढलं, माझ्यापुढे ठेवलं, आणि मी त्यात पाय सोडले. ऊन लागेल म्हणून आपली टोपी त्याने माझ्या डोक्यावर घातली. “बरं वाटतंय ना?” त्याने विचारलं. ट्रायल घेताना त्याचा आवाज असा नसायचा. “हो रे,” मी म्हणालो. इतक्या दिवसांत मला असं कुणी विचारलं नव्हतं, आणि मला रडू आलं.

पुढे दारं उघडली, आईबापही जवळचे ठरले. पण तोवर त्याच्या आईचं, म्हणजे माझ्या मावशींचं, हृदय थकलं होतं, आणि डॉक्टरांनी विमानाला सक्त मनाई केली. ते कळलं त्या दिवशी आईशी जेमतेम दोन वाक्यं बोलून त्याने फोन माझ्या हातात दिला आणि भांडी घासायचं निमित्त काढून स्वयंपाकघरात गेला.

“बाळा, बोटीत माझ्या जागी तूच बसला होतास ना?” मावशींनी विचारलं.

“हो, मावशी.”

“मग सांग, मला आवडलं का?”

“खूप आवडलं. पाण्यातून पाय काढायला तयार नव्हतात तुम्ही.”

त्या हसल्या. मग म्हणाल्या, “आणि त्याला?”

आतला नळ चालूच होता. “त्याचं कुठे लक्ष होतं लगूनकडे,” मी म्हणालो, “तो सारखा तुमच्याकडेच बघत होता.”