मूठभर मातीसाठी

महिन्याच्या पहिल्या रविवारी आमच्या चर्चच्या मंडळीत प्रभुभोजन असते. भाकरीचे ताट जवळ आले की मी मान खाली घालून ते शेजारच्याकडे सरकवायचो. असे बावीस रविवार गेले. भावाशी समेट झालेला नसताना प्रभूच्या मेजात भागी होऊ नये, हे मी लहानपणापासून ऐकले होते, आणि नियम मोडणे माझ्या स्वभावात नाही. समेट करणेही मात्र जमत नव्हते, कारण माझ्या हिशेबाने चूक माझी नव्हतीच.

आई माझ्याकडे, दिल्लीत आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरमध्ये वारली. जानेवारी होता. दादा फरिदाबादला राहतो, पण तेव्हा कामानिमित्त नागपूरला होता. निघताना फोनवर म्हणाला, "थांब, मी येतोय." धुक्यामुळे गाडी रखडली. दफनविधीची वेळ बाराची ठरली होती आणि आमच्यामागे दुसऱ्या कुटुंबाची वेळ होती. मी साडेबारापर्यंत थांबलो, मग पाळकांना सुरू करायला सांगितले. दादा सव्वाला पोचला. तोवर कबर भरून झाली होती. आईला मूठमाती द्यायची त्याची राहून गेली. "एवढी कुणाची घाई होती?" इतकेच तो बोलला. त्यानंतर माझ्याशी बोलला नाही.

मी रोज प्रार्थना करायचो, ती मात्र दादाला समज येऊ दे म्हणून. गेल्या नोव्हेंबरात पत्नी मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेली आणि घरात मी एकटा उरलो. ऑफिसातून सहा वाजता परतायचे, कुकरला एक वाटी तांदूळ लावायचा, टीव्हीचा आवाज जरा मोठा ठेवायचा. तेव्हा कळले की मी बरोबर होतो, ही गोष्ट ऐकायलाही घरात कुणी नव्हते.

त्याच दिवसांत एका शनिवारी मी टेप घेऊन कबरस्तानात गेलो. कबरेची माती पूर्ण बसली की मग पक्के बांधकाम करतात. दोन पावसाळे होऊन गेले होते, आता माप घेऊन गवंड्याला सांगायचे होते. त्या रांगेतल्या सगळ्या कबरी वीतभर खचलेल्या होत्या. आईची मात्र खचली नव्हती. मी दोनदा मापून पाहिले. राखणदार जवळ आला तसे त्याला विचारले.

"साहब, मिट्टी बैठेगी कैसे? बड़े भाईसाहब हर महीने थैले में लाकर डाल जाते हैं," तो म्हणाला. "पहले एक मुट्ठी, फिर बाकी फैला देते हैं. कहते हैं, उस दिन नहीं दे पाया था."

मी टेप गुंडाळून खिशात ठेवला. पुढच्या आठवड्यात मी वरून सिमेंट आणि फरशी घालणार होतो. दादाला दुसऱ्यांदा बाहेर ठेवायला मी निघालो होतो, तेही न कळता. तिथेच उभा राहून मी म्हणालो, प्रभू, कोण बरोबर ते तू बघ, मी सोडले. दुसरे शब्द सुचले नाहीत. राखणदार केवळ माझ्या प्रश्नाचे उत्तर देऊन गेला होता. पण त्याला माझ्याकडे पाठवले होते, असे मला तेव्हा वाटले आणि आजही वाटते.

तिथूनच मेट्रोने फरिदाबाद गाठले. वहिनींनी दार उघडले. दादा खुर्चीतून उठला नाही.

"या साहेब. आज कुणाला वेळेत पुरायचंय?"

"अहो, काहीतरीच काय बोलता," वहिनी म्हणाल्या.

"दादा, मी थांबायला हवं होतं."

"आणि मागच्या लोकांची वेळ? ते नाही सांगत?"

"ते सांगायला नाही आलो."

दादाने मान खिडकीकडे वळवली. मग म्हणाला, "मथुरेपासून गाडीच्या दाराशी उभा होतो मी. लवकर उतरता यावं म्हणून."

"कबर बांधायचं थांबवलंय," मी म्हणालो. "तू म्हणशील तेव्हा बांधू."

"राखणदार बोलला वाटतं. तोंडाचा फाटकाच आहे तो." वहिनींनी चहा आणला. कप खाली ठेवताना तो म्हणाला, "उद्या चारला जाणार आहे. यायचं तर ये."

मी चारला हजर होतो. साडेचार वाजले, दादा नव्हता. हात सवयीने फोनकडे गेला. तो बंद करून मी बाकावर बसलो. आसपास कुणी नव्हते. येणार नाही, असेही मनात येऊन गेले. त्यानंतर किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. माझ्या बाबतीत हे नवीनच होते.

ऊन कलल्यावर दादा पिशवी घेऊन आला. "ट्रॅफिक," म्हणाला.

"बरं," मी म्हणालो, आणि पिशवीचे तोंड उघडून धरले. त्याने मूठ भरली.

पुढच्या पहिल्या रविवारी ताट जवळ आले तेव्हा मी भाकरी घेतली. दादा त्याच्या फरिदाबादच्या मंडळीत असतो, त्यामुळे माझ्या शेजारी ओळखीचे कुणी नव्हते. घरी परतल्यावरही सारे शांतच होते. पण बावीस महिने प्रभूने माझ्यासाठी वेळ राखून ठेवली होती, माझ्यामागे आणखी कुणी रांगेत आहे असे एकदाही म्हटले नाही. त्याचे आभार मानून मी एक वाटी तांदूळ लावला.