ब्लँक लावली का?

“ब्लँक लावली का?” आमच्या मॅडम नमस्कार घेण्याआधी हे विचारायच्या. ब्लँक म्हणजे जिच्यात औषध नसतं, नुसतं पाणी असतं, ती नळी. तिच्याशी ताडून पाहिल्याशिवाय कुठलाही निकाल खरा धरायचा नाही. नांदेडच्या आमच्या प्रयोगशाळेत त्या लोखंडाची संयुगं आणि झाडपाल्याचे औषधी अर्क यांवर संशोधन करायच्या. मी त्यांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो.

संशय हा त्यांचा स्वभावच. कॅन्टीनवाला चहात आलं घातलंय म्हणाला तरी म्हणायच्या, “बिनआल्याचा बी एक दे, म्हंजे कळंल.” अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. घरच्यांचं यांच्याशी कसं निभत असेल, असं मला वाटायचं.

एकदा त्यांनी आपल्या गावाहून, रेणापूरहून, बाभळीच्या सालीचा काढा आणला, त्यांच्या आईने केलेला. गावात हिरड्या दुखल्या की त्याच्याच चुळा भरतात. तो काळाभोर काढा जंतूंवर असा काही चालला की मॅडमनी त्यावर शोधनिबंध लिहिला आणि तो स्वीकारलाही गेला. त्यांची प्राध्यापकपदाची मुलाखत आठ दिवसांवर होती.

मी सहज तीच साल काचेच्या भांड्यात उकळली. काढा तांबूस झाला आणि जंतू मजेत वाढले. दोन दिवसांनी मॅडमना सांगून टाकलं.

त्यांनी माझ्या तांबूस काढ्याची नळी उजेडात धरली. “आईची कढई लोखंडी हाय,” म्हणाल्या. सालीतला तुरट अंश लोखंडाशी मिळाला की काळा पडतो, हे आम्हीच पोरांना शिकवायचो. गुण नुसत्या सालीचा नव्हता, कढईचं लोखंडही त्यात उतरलं होतं.

“मॅडम, ब्लँक... त्याच कढईत उकळलेलं नुसतं पाणी...” मी चाचरत म्हटलं.

“आईच्या काढ्याला ब्लँक कोन लावतंय रे?”

मुलाखत झाल्यावर कळवू, असं मी सुचवलं. “न्हाई,” एवढंच म्हणून त्यांनी त्याच दुपारी निबंध मागे घेतला. प्राध्यापकपद हुकलं ते हुकलंच. मला तेव्हा त्यांचा रागच आला होता.

मॅडम जाऊन आता वर्ष झालं. पोरांना तो प्रश्न मी विचारतो. पण मला त्या आठवतात त्या त्याच दुपारच्या. निबंध मागे घेऊन उठल्या आणि आईचा फोन आला. खिडकीशी पाठमोऱ्या उभ्या राहून त्या बोलत होत्या.

“हाव माय, लई कामाला आला तुझा काढा. समदे इचारून राहिले, कुणी केला म्हणून.”