उभ्या लावलेल्या चपला

एका मालिकेतल्या धाकट्या भावाला मालिकावाल्यांनी घाटात गाडीसकट ढकलून मारून टाकलं. मला इतका राग आला, की दुसऱ्या दिवशी अनसिंगहून वाशीमला नोकरीवर जाताना बसमध्येच मी त्याला मोबाइलवर जिवंत केलं. बंगल्यातून उचलून वाशीमला आणलं आणि बसस्टँडसमोर मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकून दिलं. गोष्टींच्या ॲपवर असल्या लिखाणाला फॅनफिक्शन म्हणतात, आणि पात्रं अशी दुसऱ्याच जगात नेऊन ठेवली की ते ऑल्टरनेट युनिव्हर्स. ही नावं मला नंतर कळली. मी फक्त त्याला मरू द्यायला तयार नव्हते.

या लिखाणाचा एक कडक नियम आहे. गाव बदला, धंदा बदला, हवं तर शतक बदला, पण माणसाचा स्वभाव बदलायचा नाही. वाचकाला तो ओळखू आला पाहिजे. दुसऱ्यांच्या गोष्टींखाली जाऊन हा नियम शिकवण्यात मी सगळ्यांच्या पुढे असायचे, कोणी विचारो न विचारो.

ती मालिका खरं तर आईच्या आवडीची. धाकटा मेला त्या दिवसापासून तिने टीव्ही लावला नाही. कारण दोघींना माहीत होतं. माझा भाऊ आदल्या वर्षी मालेगावच्या रस्त्यावर मोटारसायकलच्या अपघातात गेला होता. तेव्हापासून आई जेवत होती, शेतात जात होती, शेजारणींशी बोलत होती, पण त्याच्याबद्दल एक अक्षर नाही. ती आतल्या आत मिटत चालली आहे, अशी मला भीती वाटायची.

एका रविवारी ती तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. मी सहज म्हटलं, "आई, तो मालिकेतला मेला नाही. वाशीमले दुकान टाकलं त्यानं. वाचून दाखवू?" तिने पुढची शेंग उचलली. मी वाचायला लागले. दुकानातून घरी येऊन तो दारात चपला भिरकावतो, असं मी लिहिलं होतं. मालिकेत तो तसाच होता, तापट आणि बोलका.

"तो अशा फेकत नाही," आई शेंगांवरची नजर न काढता म्हणाली. "भितीले उभ्या लावून ठेवते."

चपला भिंतीला उभ्या लावायची सवय माझ्या भावाची होती. मला पुढचं वाचता येईना. संध्याकाळी मी ते वाक्य बदललं.

मग दर रविवारी तसंच होऊ लागलं. त्याले चहा इतका गोड चालत नाही. तो असा तोंड वर करून बोलत नाही. मी बदलत गेले आणि मालिकेतला तापट धाकटा हळूहळू गप्प, लाजरा झाला. ॲपवर वाचक चिडले. एकीने लिहिलं, "ताई, हा तो नाहीच. तुम्हीच तर नियम सांगायच्या." तिचं खरं होतं. तो तो नव्हताच. मी ॲपवरून गोष्ट काढून घेतली आणि एकाच श्रोत्यासाठी पुढे लिहीत राहिले.

एकदा आईने विचारलं, "अन त्याची माय कुठं हाये?"

मालिकेत त्याची आई त्याच्या जन्माच्या वेळीच गेली होती. मी म्हटलं, "नव्हती लिहिली. लिहू का? कशी पाहिजे?"

आईने हातातली शेंग सोलून दाणे सुपात टाकले. म्हणाली, "तिले काही माहीत नसू दे. पोरगं उशिरा आलं, त तिले फकत राग आला पाहिजे."

आठवडाभर मी तो भाग बसमध्ये लिहीत होते. डोळे भरून यायचे, मग खिडकीबाहेर बघायचे. रविवारी वाचायला बसले. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, नेहमीची बस चुकली, तो अंधार पडल्यावर घरी आला. फाटक वाजलं. त्याने चपला काढून भिंतीला उभ्या लावल्या. स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला.

पुढची ओळ वाचायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात माझी आईच बोलली. हातातली शेंग तशीच धरून, दाराकडे बघत.

"काहून रे, इतका उशीर?"