सायराचा अडकलेला दम

बीडच्या बसस्टँडसमोर सायरा फळं विकते. पंचेचाळिशी ओलांडली तरी सीताफळांनी भरलेला गाडा ती घरापासून एकटीच ढकलत आणायची. पण मागच्या एक-दोन वर्षांत अंग जड झालं. जरा चढ आला की छाती धपापायची. रात्रभर झोपूनही सकाळी डोकं ठणकायचं, आणि दुपारी गिऱ्हाईक समोर असतानाच डुलकी लागायची. "वजन वाढलंय, चालत जा," असं जो तो सांगे. तिने पहाटेचं चालणं धरलं आणि आठवड्यातच सोडलं. अंगात त्राणच नव्हतं.

घोरण्याची तर तिला भारी लाज. एका लग्नात पोरींनी तिच्या घोरण्याच्या नकला केल्या, तेव्हापासून ती कुणाकडे मुक्कामाला राहिनाशी झाली.

रमजानात एका दुपारी नणंद अलमास तिच्याशेजारी आडवी झाली होती. सायराचं घोरणं एकाएकी थांबलं. अलमासला आधी बरं वाटलं, मग धसकाच बसला. भाबीचा श्वासच येत नव्हता! तेवढ्यात बुडणारं माणूस पाण्यावर यावं तसा सायराने दचकून मोठा श्वास ओढला आणि ती पुन्हा घोरू लागली.

अलमासने तिला हलवून उठवलं. "भाबी, झोपंत तुमचा दम अडकायलाय."

"काय बी बोलती. थकलेय मी, दुसरं काय?"

"थकता कशानं, तेच तर सांगते. तुमी झोपताच कुठं?"

ईद होताच अलमासने तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात नेलंच. झोपेची तपासणी झाली. डॉक्टर प्रियदर्शनी म्हणाल्या, "झोपेत तुमचा गळा मिटतो, प्राणवायू कमी पडतो. शरीर रात्रभर झगडतं, मग दिवसा ताकद कुठून येणार? हा आळस नाही, आजार आहे. आणि त्यावर इलाज आहे."

आळस नाही, हे ऐकूनच सायराचे डोळे भरून आले.

मास्क लावून झोपायचं मशीन घरी आलं. सुरुवातीला ती झोपेत मास्क ओढून फेकायची. नवरा शहेबाज मुकाट्याने पुन्हा बसवायचा.

"हत्तीवानी दिसते मी," ती करवादली.

"दिसू दे. तुझा दम चालू हाय, मला लई झालं."

हळूहळू झोप लागू लागली, डोकं हलकं झालं. अलमासच्या सोबतीने चालणं पुन्हा सुरू झालं, आणि या खेपेला टिकलं. वजन अजून फारसं उतरलेलं नाही, गुडघेही कुरकुरतात. पण परवा दोघी कपिलधारला गेल्या, तेव्हा धबधब्यापासून वर येताना सायरा पुढे होती.

"भाबी, थांबा की जरा!" मागून अलमास ओरडली.

सायरा पायरीवर टेकली आणि हसत तिची वाट बघू लागली.