कुसुमची पिशवी

कुसुम गेली त्याला महिना झाला. मला फोन करून कुणी कळवायची वेळच आली नाही. अकोल्याच्या दवाखान्यात तिच्या खाटेशी मीच बसले होते. कुसुम माझी धाकटी जाऊ, राहायला बार्शीटाकळीला. तापात तिने विचारलं, "बाई, आता तं पिशवी काढली ना... मंग पोट काहून दुखून रायलं?" मी म्हटलं, "चूप राय, बोलू नको." तेच शेवटचं बोलणं.

पन्नाशीला आली होती. अंगावरून फार जायचं म्हणून मी तिला अमरावतीला माझ्याकडे बोलावलं. इथल्या डॉक्टरीणबाईंनी नीट तपासलं, गोळ्या दिल्या आणि म्हणाल्या, "पाळी जायचं वय आहे. तीन महिने थांबा." कुसुम खूश झाली. मला पटलं नाही. एवढ्या दुरून आणलं आणि साधं सलाइनसुद्धा लावलं नाही... "या डॉक्टरनीले काही समजत नाही," असं मीच म्हटलं आणि आठवड्यात तिला अकोल्याला नेलं. तिथे नवी इमारत, नवं यंत्र. डॉक्टर म्हणाला, "गर्भपिशवी खराब आहे. ठेवली तर पुढे कॅन्सर होईल." कुसुम घाबरली. तरी बाहेर बाकड्यावर बसून म्हणते कशी, "म्या जिंदगीभर लोकायले पिशव्या शिवून देल्या, आता माह्यीच उसवता का बाई?" जुन्या चादरींच्या पिशव्या शिवून ती साऱ्या नात्यात वाटायची. मी म्हटलं, "काढून टाक एकदाची. कटकट जाईल."

ऑपरेशनमध्ये आतड्याला इजा झाली. पोटात पू झाला. नवव्या दिवशी ती गेली. काढलेल्या पिशवीचा रिपोर्ट तेरवीच्या आदल्या दिवशी आला. त्यात काहीच वाईट नव्हतं. तो घेऊन मी एकटी डॉक्टरकडे गेले. "चांगली होती तं काहून काढली?" तो खाली पाहून म्हणाला, "आजी, थांबा म्हटलं असतं तर तुम्ही थांबल्या असत्या का? दुसऱ्या दवाखान्यात गेल्या असत्या."

माझ्याबद्दल तो खोटं बोलला नाही. पण मी चौथी शिकलेली. त्याला सारं कळत होतं. त्याला खाटा भरायच्या होत्या, यंत्र चालवायचं होतं आणि माझ्यासारखी बाई पेशंट घेऊन आपल्या पायांनी आली होती. भीती त्याने घातली, ढकललं मी.

तिने शिवलेली एक पिशवी माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला आहे. बंदांना दुहेरी शिवण, अजून धागा निघालेला नाही. भाजीला तीच नेते. परवा निघताना सून म्हणाली, "आई, पिशवी घेतली का?"

मी म्हटलं, "थैली म्हण."